आईचं आणि ‘समजा’चं का जमत नाही

वाचकाचं पत्र :

मी सव्वीस वर्षांची आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. आई अठ्ठावन्न वर्षांची. ती शाळेत कधी गेली नाही. कपडे शिवून तिने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. तिला अंक ओळखता येतात, पण सहीच्या जागी ती अंगठाच देते. किती घरांची मापं तिच्या डोक्यात आहेत ते तिचं तिलाच माहीत.

मागच्या महिन्यात मी तिला बँकेतला पैसा कसा बुडू शकतो हे समजावत होते. म्हटलं, ‘समजा, सगळ्यांनी एकाच दिवशी पैसे काढायचे ठरवले, तर काय होईल?’ ती म्हणाली, ‘सगळे कशाला काढतील?’ मी म्हटलं, ‘अगं, समजा ना!’ तर म्हणे, ‘जे होणार नाही ते कशाला समजायचं?’ असं चार-पाचदा झालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘जाऊ दे, तुला नाही कळायचं.’ ती उठली आणि मशीनवर जाऊन बसली. तेव्हापासून ती मला काही विचारत नाही. गोळ्यांच्या पाकिटावरचंसुद्धा शेजारच्या मुलाकडून वाचून घेते.

मला तिला लिहा-वाचायला शिकवायचंय. भाऊ म्हणतो, ‘या वयात आता काय शिकणार ती, सोड.’ ती शिकली तर जगाकडे बघायची तिची रीत बदलेल का? आणि एक विचारू? मी शिकले आणि तिच्यापासून लांब गेले. घरी गेले की दोन दिवसांत बोलणं संपतं. शिक्षणाने माझंच काही बिघडवलं का?

---

प्रिय लेकी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा आईच्या एकाच वाक्यापाशी थांबले. ‘सगळे कशाला काढतील?’ अगं, बँकेचा सगळा कारभार याच भरवशावर चालतो. लोकांनी ठेवलेला पैसा बँक कर्जाने देते, हाताशी थोडाच ठेवते, कारण सगळे एकाच दिवशी दारात येत नाहीत हे तिला ठाऊक असतं. ज्या दिवशी प्रत्येकाला वाटतं की बाकीचे काढताहेत, आपण मागे राहू, त्या दिवशी धडधाकट बँकही बसते. म्हणजे आईने बरोबर मर्मावर बोट ठेवलं होतं. तू तिला म्हणाली असतीस, ‘कुणी तरी अफवा उठवली आणि लोक घाबरले म्हणून,’ तर ती तुझ्या तीन पावलं पुढे गेली असती. घाबरलेली माणसं काय करतात हे तिने तुझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

मग तुला तिचं उत्तर चुकीचं का वाटलं? तू शाळेत गेलीस म्हणून. तुला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. मी सतरा वर्षं संध्याकाळच्या साक्षरता वर्गात मोठ्या माणसांना शिकवलं आणि माझीही फार दिवस हीच चूक होत होती.

अलेक्झांडर लुरिया नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तान आणि किरगिझियाच्या खेड्यापाड्यांत गेले होते. कधीच शाळा न पाहिलेले शेतकरी आणि नुकतंच थोडंफार शिकलेले लोक तिथे एकाच वेळी भेटत होते. लुरियांनी त्यांना कोडी घातली. अति उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या अति उत्तरेला आहे. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? तू आणि मी डोळे मिटून सांगू. शाळा न पाहिलेल्या एका शेतकऱ्याने सांगितलं की आपण काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही, आणि प्रत्येक मुलखाची जनावरं वेगळी असतात. आणखी खोदून विचारल्यावर अशा अर्थाचं उत्तर आलं की जो तिथे जाऊन आलाय त्यालाच हे सांगता येईल, नुसत्या तुमच्या शब्दांवरून मी कसं सांगू? वर्ष-दोन वर्षं शिकलेल्यांनी मात्र सरळ ‘पांढरी’ म्हणून सांगितलं.

लुरियांना यात विचारशक्तीची पायरी दिसली. मला त्या शेतकऱ्याच्या उत्तरात आणखी काही दिसतं. जे स्वतः पाहिलं नाही त्याची ग्वाही द्यायची नाही, हा त्याचा नियम होता. कोर्टातल्या साक्षीदाराला आपण हाच नियम लावतो. शेतकऱ्याला तर्क येत नव्हता असं नाही. परक्या माणसाच्या तोंडच्या दोन वाक्यांवर भिस्त ठेवून तर्क करायला तो राजी नव्हता.

आणि आपण कसे राजी झालो? आठव बरं, नळ आणि टाकीची गणितं. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? तुझ्या आईपुढे असे दोन नळ चालू असतील तर ती आधी खालचा बंद करेल. वर्गात एखादं मूल हेच विचारतं आणि त्याला गप्प बसवलं जातं. उत्तर सहा तास, संपला विषय. प्रश्नात दिलंय तेवढंच जग, बाहेरचं काही आत आणायचं नाही, असा रोजचा सराव दहा-बारा वर्षं चालतो. तो इतका अंगात मुरतो की ही शिकवलेली गोष्ट आहे हेच आपण विसरतो आणि तिलाच ‘अक्कल’ म्हणायला लागतो.

शाळेतली आणखी एक गोष्ट बाहेर कुठेच नसते. बाई प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांना आधीच माहीत असतं. घरात आई ‘पाऊस थांबला का गं?’ म्हणते ते तिला माहीत नसतं म्हणून. बँकेचा प्रश्न तू तिला वर्गातल्या बाईंसारखा विचारलास. उत्तर तुझ्यापाशी होतं आणि ती ते देते की नाही एवढंच तुला बघायचं होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या, दोन मुलं हिमतीवर वाढवलेल्या बाईला आपली परीक्षा चाललीय हे कळत नसेल? त्यावर निकालही लगेच मिळाला, ‘तुला नाही कळायचं.’ ती रुसलीय असं मला वाटत नाही. पुन्हा नापास व्हायचं नाही म्हणून ती तुला विचारत नाही.

एक प्रसंग मला फार जवळचा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या लायबेरिया देशातल्या क्पेले लोकांमध्ये काम करताना जोसेफ ग्लिक या अमेरिकन संशोधकाने तो नोंदवला. वीस वस्तू पुढे ठेवून ‘जे एकत्र जातं ते एकत्र लावा’ असं सांगितलं होतं. संशोधकांना हवे होते चार ढीग : खायच्या वस्तू, भांडी, हत्यारं, कपडे. लोक जोड्या लावत. सुरी संत्र्यापाशी, कारण सुरीने संत्रं कापतात. कुदळ बटाट्यापाशी, कारण कुदळीने बटाटा खणतात. वर सांगत, शहाणा माणूस असंच लावेल. शेवटी वैतागून विचारलं, ‘बरं, मूर्ख माणूस कसं लावेल?’ त्याबरोबर चार नीटनेटके ढीग तयार झाले. त्यांना ते येत होतं. तसं लावण्यात शहाणपण काय, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

हे मी वाचलं त्याच्या आधी माझ्या वर्गात एक बाई होत्या, पन्नाशीच्या. मी छापील कागद वाटला होता, ‘वेगळं ओळखा’. चित्रं होती सुई, कात्री, टेप आणि कापड. त्यांनी एकाही चित्रावर फुली मारली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘कापड काढलं तर बाकीच्यांनी करायचं काय?’ मी हसले नाही, पण लाल पेनाने कापडावर गोल केला आणि ‘हे बघा, असं’ म्हणून पुढे गेले. लुरियांनी करवत, कुऱ्हाड, हातोडा आणि लाकूड दाखवलं होतं आणि त्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या बाई पुढे वर्गाला आल्या नाहीत. कारण दुसरंही असेल. पण तो लाल गोल मला अजून दिसतो, म्हणून तुझ्या ‘जाऊ दे’चं वजन मला कळतं.

आपली भाषाही इथे घात करते. ज्याला अक्षरओळख नाही तो ‘अडाणी’ आणि ज्याला पोच नाही तोही ‘अडाणी’. दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द. लहानपणापासून तो कानावर पडला की अंगठा देणाऱ्या माणसाकडे पाहताना मनात दुसरा अर्थ आपोआप येऊन बसतो. तुझ्या आईच्याही मनात तो बसलेला असणार, स्वतःबद्दल. तू जे बोललीस ते तिने स्वतःशी हजारदा म्हटलेलं असेल, म्हणून ते इतकं आत गेलं.

आता तुझा पहिला प्रश्न. ती शिकली तर तिची जगाकडे बघायची रीत बदलेल का?

याचं उत्तर शोधायला चांगली जागा पुन्हा लायबेरियाच आहे. तिथे वाई नावाचे लोक आहेत. १८३०च्या दशकात मोमोलू दुवालू बुकेले नावाच्या माणसाने आपल्या वाई भाषेसाठी लिपी तयार केली. ती शाळेत शिकवत नसत. घरातलं कुणी किंवा एखादा मित्र शिकवायचा आणि लोक तिच्यात पत्रं लिहायचे, हिशेब ठेवायचे. त्याच समाजात काहीजण कुराणासाठी अरबी शिकलेले होते, काही इंग्रजी शाळेत गेलेले आणि पुष्कळ निरक्षर. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकल कोल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात तिथे काही वर्षं काम केलं आणि १९८१ साली निष्कर्ष छापले. साक्षरता आणि शाळा एरवी गुंतलेल्या असतात, त्या इथे वेगळ्या करून बघता येत होत्या.

नुसती वाई लिपी येणाऱ्यांचा विचार निरक्षरांपेक्षा सरसकट वेगळा झालेला नव्हता. अस्वलासारखी कोडी सोडवणं आणि त्याहूनही जास्त ‘मी हे उत्तर का दिलं’ ते शब्दांत मांडणं यात फरक पडला तो शाळेने. वाई साक्षरांची सरशी झाली ती दुसरीकडे. एखादा पटावरचा खेळ तो कधीच न पाहिलेल्या, समोर नसलेल्या माणसाला समजावून सांगणं त्यांना चांगलं जमे. साहजिक आहे, पत्रं लिहिणाऱ्याला तीच सवय असते. वाचणारा दूर आहे, त्याला काय माहीत नाही, ते आधी सांगायला हवं. कुराण पाठ केलेल्यांना एकामागून एक शब्द क्रमाने लक्षात ठेवणं सोपं गेलं. ज्याने अक्षरं ज्या कामाला लावली त्याची बुद्धी त्या कामात तयार झाली.

म्हणून सांगते, आईला अक्षरं आली की ती एक दिवस आपणहून ‘समजा’ म्हणेल, या आशेने शिकवू नकोस. तसं होणार नाही, आणि तू मनातून त्याचीच वाट पाहत राहिलीस तर तिला ते कळेल.

शिवाय ती ‘समजा’ म्हणते, गं. रोज म्हणते. लहान मुलाचं शिवताना ती शिवणीत थोडं जास्तीचं कापड राखत असेल. मूल वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. जे अजून झालेलं नाही, होईल की नाही ते माहीत नाही, त्याचा विचार करून ती आज कात्री चालवते. त्या राखलेल्या कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात, तुला तो शब्द तिच्याच तोंडून ठाऊक असेल. तिचं ‘समजा’ तिथे आहे. ते हाताशी असलेल्या कापडावर चालतं, कुणी तरी हवेत सोडलेल्या वाक्यावर चालत नाही.

हवेतल्या वाक्यावरही ते चालू शकतं, फक्त बोलावणं नीट हवं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात शाळा न शिकलेल्या प्रौढांबरोबर केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांना अनोळखी गोष्टींवरची अशीच कोडी घातली. एरवी ते आपल्या अनुभवाकडे वळत. पण ‘ही एका दुसऱ्याच ग्रहावरची गोष्ट आहे असं धरा’ म्हटल्यावर दिलेल्या वाक्यांवरून बरोबर उत्तर काढणं त्यांना जास्त चांगलं जमलं. म्हणजे तर्क होताच. हा खेळ आहे, इथे खरंखोटं ठरवायचं नाही, एवढं सांगायचं राहिलं होतं. तू पुढच्या वेळी ‘समजा’ने सुरुवात करू नकोस. ‘एक गोष्ट सांगते’ म्हण. दूर कुठे तरी एक बँक होती, एके सकाळी तिच्या दारात एक माणूस ओरडत आला. मग बघ आई काय काय विचारते.

आता अक्षरांकडे. ती शिकवावीत का? तिची इच्छा असेल तर जरूर. अक्षरांनी तर्क येत नसला तरी पुष्कळ काही येतं आणि काही बदल अगदी शरीरातले असतात. १९७९ साली पोर्तुगालमध्ये जोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर प्रौढांना सांगितलं, शब्दाच्या सुरुवातीचा एक ध्वनी काढा आणि उरलेला म्हणा. त्यांना ते जवळजवळ जमलं नाही. तसेच गरीब, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना जमलं. शब्द ध्वनींचा बनलेला असतो हे आपल्याला ‘ऐकू’ येतं असं वाटतं, पण ते ऐकायला अक्षरांनी शिकवलेलं असतं.

भावाच्या म्हणण्याचं उत्तरही याच माणसांपाशी आहे. २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरक्षर होते, लहानपणी शिकलेले होते आणि मोठेपणी शिकलेलेही होते. मेंदूच्या डाव्या बाजूला मागे-खाली एक भाग वाचणाऱ्यांमध्ये अक्षरं पाहिली की सजग होतो. तो मोठेपणी शिकलेल्यांमध्येही सजग होत होता. पुढे उत्तर भारतातल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून पाहिलं, तो अभ्यास २०१७ साली आला. तिथेही मेंदूत बदल दिसले. वाचनाचा वेग या वयात लवकर येत नाही, हे मी वर्गात पाहिलंय. तो नाही आला तरी चालतं. दाराच्या पाटीवरचं, पाकिटावरचं, पावतीवरचं सावकाश वाचता आलं की माणूस ताठ चालायला लागतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कागदाची भीती जाते. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी पाचव्या-सहाव्या महिन्यात पदराच्या गाठीतून एक जुना कागद काढला. त्यावर त्यांनी फार वर्षांपूर्वी अंगठा दिला होता, घरातल्याच माणसांनी सांगितलं म्हणून. तीन संध्याकाळी त्या एक-एक अक्षर जुळवत बसल्या, मला हात लावू देईनात. शेवटी मान वर करून विचारलं, ‘यात माझं नाव एकदाच आहे का?’ एकदाच होतं. तळाशी, अंगठ्याखाली. त्यानंतर त्यांनी कशावरही न वाचता अंगठा दिला नाही. जगाकडे बघायची रीत बदलते का असं तू विचारतेस, तर मला ती अशी बदललेली दिसली. कागदावर लिहिलंय म्हणजे देवाने लिहिलंय असं त्यांना पूर्वी वाटायचं. तो माणसाने लिहिलेला असतो आणि त्यात लबाडी असू शकते, हे त्यांना वाचता आल्यावर कळलं.

म्हणून निरक्षर माणसाच्या शहाणपणाबद्दल मी एवढं लिहिलं तरी निरक्षरतेचं मला जराही कौतुक नाही. आज जगात सत्तर कोटींहून जास्त प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश बायका आहेत. ही त्यांनी निवडलेली रीत नाही. कुणी तरी त्यांना वर्गाबाहेर ठेवलं. ब्राझीलमध्ये १९८५पर्यंत निरक्षरांना मतच देता येत नव्हतं. तिथे १९६३ साली पाउलो फ्रेरी या शिक्षणतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँजिकोस या गावात सुमारे ३०० मजुरांना सुमारे ४० तासांच्या वर्गांत वाचायला शिकवलं. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरींना तुरुंगात टाकलं, मग त्यांना देश सोडावा लागला. अक्षरांनी काही बदलत नसतं तर एवढा आटापिटा कुणी केला असता?

फ्रेरींची एक गोष्ट तुझ्या फार कामाची आहे. ते बालवाडीच्या पुस्तकाने सुरुवात करत नसत. लोकांच्या रोजच्या बोलण्यातले, त्यांच्या कामाचे शब्द घेत. मजुरांसाठी ‘वीट’ हा शब्द घ्यायचा, त्याचे तुकडे पाडायचे, त्या तुकड्यांतून नवे शब्द जुळवायचे आणि त्याबरोबर वीट कोण उचलतं, घर कुणाचं होतं, याबद्दल बोलायचं. तुझ्या आईसाठी असे शब्द तयारच आहेत. माप, बाही, गळा, काज, शिवण. कमळ आणि बदक तिला नको. ‘माप’मधला ‘मा’ आणि ‘बाही’मधला ‘बा’ शेजारी ठेवलेस की काना तिला दिसेल. तिचं स्वतःचं नाव पहिल्याच आठवड्यात यायला हवं, मग त्यातली जोडाक्षरं कितीही अवघड असोत.

पण त्याआधी दोन गोष्टी. सुईत दोरा ओवायला ती कुणाला हाक मारते का? मारत असेल तर आधी डोळे तपास. माझ्या वर्गात ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना नुसता जवळचा चष्मा हवा होता. आणि दुसरं, तिला विचार. तिच्या वतीने ठरवू नकोस. ती नको म्हणाली तर त्याचं कारण विचारू नकोस, महिनाभर थांब. हो म्हणाली तर शिकवणारी तूच असायला हवंस असं नाही. पोटच्या लेकीने चूक दाखवणं काहींना फार लागतं. तूच शिकवणार असशील तर त्याच तासात तिच्याकडून कापड बेतायला शीक. तुझी कात्री वाकडी जाईल तेव्हा ती काय म्हणते ते नीट ऐक. शिकवावं कसं हे तिला तुझ्याआधी येत असण्याची मला दाट शक्यता वाटते.

शिकताना एखाद्या दिवशी ती तक्रार करेल, पूर्वी सगळं लक्षात राहायचं, आता लिहायला लागले तर विसरते. तिला हसू नकोस. माझ्या वर्गातल्यांनी हे मला इतक्यांदा सांगितलंय. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी प्लेटोने हीच तक्रार घातली आहे, लिहिण्याने स्मरणशक्ती झिजेल म्हणून. ती तक्रार आपल्यापर्यंत पोहोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून, हेही खरंच. अक्षरं येतात तेव्हा काही तरी जातंही, आणि जे जातंय ते ज्याचं असतं त्याला त्याचं दुःख करू द्यावं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, शिक्षणाने तुझं काही बिघडवलं का. तुला बदललं, हे नक्की. जेम्स फ्लिन नावाच्या अभ्यासकाने दाखवलं की विसाव्या शतकात बुद्धिमापन चाचण्यांतले गुण पुष्कळ देशांत पिढी दर पिढी वाढत गेले, दर दहा वर्षांना साधारण तीन गुणांनी. म्हणजे आपल्या पणज्या मंद होत्या का? फ्लिन यांचं म्हणणं, मुळीच नाही. कुत्रा आणि ससा यांच्यात साम्य काय असं विचारलं तर शंभर वर्षांपूर्वीचा माणूस सांगेल, कुत्रा सशाची शिकार करतो. आज आपण म्हणू, दोघे सस्तन प्राणी. आपण जगाचे कप्पे करायला शिकलो, ते वापरात ठेवायला शिकले होते. शाळेने तुला एक चष्मा दिला, आणि तो काढून ठेवता येत नाही. निरक्षर होऊन बघायचं म्हटलं तरी समोरची पाटी आपोआप वाचली जातेच.

तो चष्मा मला मोलाचा वाटतो. जे कधी पाहिलं नाही ते डोळ्यांपुढे आणता येणं, ‘असंच चालत आलंय’ याच्यापुढे ‘समजा, तसं नसतं तर’ असं म्हणता येणं, यावर कितीतरी कायदे, कितीतरी औषधं उभी आहेत. तुझं शिक्षणही त्यातलंच. तुझ्या घरात कुणी पदवीपर्यंत गेलेलं नव्हतं, तेव्हा कुणी तरी ‘समजा, ही गेली तर’ असं मनात धरलं असणार. मला वाटतं ती तुझी आई असेल. लाज धरावी असं तू काही केलेलं नाहीस. फक्त त्या चष्म्यातून पाहिलेलं तेवढंच खरं, असं तुझ्या नकळत तुला वाटायला लागलं होतं. दोन दिवसांत बोलणं संपतं ते त्यामुळे. तू तिच्याशी तुझ्या विषयांवर बोलायला जातेस आणि तिच्या विषयांना ‘विषय’ म्हणून मोजतच नाहीस.

गोळ्यांचं मात्र आधी कर, बाकी सगळं सावकाश. शेजारचा मुलगा घरी नसेल त्या दिवशी काय? घरी जाऊन औषधांच्या वेळा आईला तोंडी समजावून सांग, तिला त्या खुणेने लक्षात ठेवायच्या असतील तर खूण तिलाच निवडू दे. अंक येतात, तेव्हा पाकिटावर ती स्वतः लिहूही शकेल. आणि त्याच वेळी तिला सांग, ‘त्या दिवशी मी चुकीचं बोलले. तू विचारलंस ते बरोबर होतं, उत्तर मला येत नव्हतं.’ एवढंच. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ अशी शेपूट त्याला जोडू नकोस. तुला तसंच म्हणायचं होतं, आणि तिला ते माहीत आहे.

मग एखाद्या दुपारी कोरी वही घेऊन तिच्या मशीनशेजारी बस. तिच्या डोक्यात ज्या घरांची मापं आहेत ती तिला एकेक सांगायला लाव आणि ती सांगेल तशी, तिच्या शब्दांत, तिच्या क्रमाने लिहून घे. तुझे रकाने आखू नकोस. पानभर झालं की तिला वाचून दाखव. कुणाची उंची, कुणाचा खांदा, कुणाला बाही सैल लागते, यात तुझी कुठे तरी चूक झालेली असेल आणि ती ती लगेच पकडेल. मग ते खोड आणि ती सांगते तसं लिही.